एका मिलनानंतरची अंडी: चवळीच्या भुंगेऱ्यातील वीर्यद्रवाचे प्रकरण

चवळीच्या दाण्यातून आज सकाळी बाहेर पडलेली एक मादी आणि तिच्याच वयाचा, अजून मिलन न झालेला एक नर एका पेट्री डिशमध्ये सोडले, तर बहुधा काही मिनिटांतच मिलन सुरू होते आणि पाच-दहा मिनिटांत संपते. मग नर उचलून बाजूला करायचा आणि मादीला ऐंशी कोरे दाणे द्यायचे. अन्न नाही, पाणी नाही. ती त्याच दिवशी अंडी घालायला लागते, पहिल्या तीन-चार दिवसांत बहुतेक अंडी उरकते आणि आठ-दहा दिवसांत मरते. एकूण अंडी साधारण ७० ते १०० भरतात. तिच्याच वयाची, पण नर न मिळालेली मादी तसल्याच दाण्यांवर फिरते, मोजकीच अंडी घालते आणि जास्त दिवस जगते.

हा फरक त्या पाच-दहा मिनिटांत मिळालेल्या एका थेंबाने पडला. कॅलोसोब्रुकस मॅक्युलॅटस, म्हणजे कडधान्यातल्या चवळीच्या भुंगेऱ्याबाबत हे प्रकरण जगभरात बारकाईने अभ्यासले गेले आहे. पण ‘वीर्यामुळे अंडी वाढतात’ असा एका ओळीचा निष्कर्ष काढला की घोळ सुरू होतो. त्या थेंबात शुक्राणू आहेत, मादीच्या शरीराला इशारा देणारी द्रव्ये आहेत, पोषण आहे आणि पाणीही आहे. शिवाय थेंब पोचवताना नर मादीला जखम करतो. ‘अंडी वाढली’ यातही दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: अंडी लवकर घातली, की एकूण जास्त घातली? या दोहोंचे हिशेब वेगळे ठेवले नाहीत, तर शेकडो दाणे भिंगाखाली मोजूनही हाती काही लागत नाही.

या प्रयोगासाठी हा भुंगेरा सोयीचा का, ते त्याच्या आयुष्यक्रमात दिसते. मादी अंडे दाण्याच्या सालीवर चिकटवते. अळी अंड्याच्या तळातून थेट दाण्यात शिरते आणि कोषावस्थेपर्यंत आतच राहते. सुमारे ३० अंश सेल्सिअसला तीन-चार आठवड्यांत भुंगेरा गोल झाकण कापून बाहेर येतो. प्रौढ भुंगेऱ्याला साठवणीत काही खावे लागत नाही. अंड्यांसाठी लागणारे जवळपास सगळे भांडवल अळीपणी दाण्यातून जमवलेले असते. म्हणून बाहेरून आत जे काही येते, ते प्रामुख्याने नराकडूनच येते.

थेंब केवढा असतो

पहिल्या मिलनात नर आपल्या वजनाच्या साधारण ६ ते ८ टक्के वजनाचा द्रव मादीला देतो. चार मिलिग्रॅमच्या नराच्या हिशेबाने हे पाव मिलिग्रॅमच्या आसपास होते. तोच नर लगेच दुसऱ्या, तिसऱ्या मादीकडे गेला की थेंब झपाट्याने लहान होत जातो. शुक्राणू मात्र गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात. मादीच्या शुक्रधानीत, म्हणजे शुक्राणू साठवणाऱ्या पिशवीत, मावतील त्याच्या अनेक पट शुक्राणू पहिल्याच मिलनात येतात. त्यामुळे एकदा नीट मिलन झालेल्या मादीला शुक्राणू कमी पडले म्हणून अंडी थांबली, असे सहसा होत नाही. थेंबाच्या आकारानुसार अंडी बदलत असतील, तर कारण आधी द्रवात शोधावे.

अमेरिकेतले चार्ल्स फॉक्स आणि उडो सावल्ली यांनी १९९०च्या दशकात हे नाते उलगडले. अनेकदा मिलन करू दिलेल्या माद्या जास्त अंडी घालतात आणि जास्त जगतात, हे फॉक्स यांनी १९९३मध्ये दाखवले. पुढच्या कामात दिसले की आधी मिलन होऊन गेलेल्या नराकडून लहान थेंब मिळालेली मादी लवकर पुन्हा मिलनाला तयार होते. थेंब मोठा मिळाला, तर ती दुसऱ्या नराला अधिक काळ झिडकारते. नराचा यात सरळ फायदा आहे, कारण दुसरा नर आला तर पुढच्या बहुतेक अंड्यांचे पितृत्व त्याच्याकडे जाते.

तहान

जास्त मिलन म्हणजे जास्त अंडी, हे कळल्यावर साहजिक वाटले की नर पोषण पुरवतो. २००७मध्ये स्वीडनच्या मार्टिन एडवर्डसन यांनी साधा प्रश्न विचारला: मादीला नुसते पाणी दिले तर? पाणी मिळालेल्या माद्या पुन्हा मिलनाला कमी उत्सुक निघाल्या. २००९मध्ये कॅनडातल्या एका गटाने पाणी आणि पोषण यांची तुलना केली, आणि मादीच्या पुन्हा मिलन करण्यामागे मुख्यतः पाणी आहे, असे दिसले.

आमच्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा धडा हाच. साठवणीतल्या कोरड्या कडधान्यात राहणाऱ्या, कधीही पाणी न पिणाऱ्या कीटकाला पाव मिलिग्रॅमचा द्रव ही पाण्याची मोठी रक्कम आहे. ज्या प्रयोगात पाण्याचा वेगळा गट नाही, त्यातून ‘प्रथिनांमुळे अंडी वाढली’ असा दावा करणे टिकत नाही. आणि तरीही असे प्रयोग सर्रास होतात.

काटे आणि मादीच्या रक्तात शिरणारी द्रव्ये

या नराच्या जननेंद्रियाच्या टोकावर कडक काटे असतात. मिलनात ते मादीच्या मैथुनथैलीच्या भिंतीला भोके पाडतात. मिलनाच्या उत्तरार्धात मादी मागच्या पायांनी नराला जोरजोरात लाथा मारते, ते याच वेळी. २००० साली ‘नेचर’मध्ये क्रजिंग्टन आणि सिवा-जोथी यांनी दाखवले की मादीला लाथा मारू दिल्या नाहीत, तर मिलन लांबते आणि जखमा वाढतात.

मग इतके नुकसान करणारे काटे टिकले कसे? स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात योरान आर्नक्विस्ट यांच्या गटाने २०१२मध्ये लेझरने नरांचे काटे आखूड केले, आणि वेगळ्या प्रयोगात लांब व आखूड काट्यांच्या नरांची निवड करून वाणही तयार केले. काटे आखूड झालेल्या नरांचे पितृत्व घटले. किरणोत्सारी खूण लावलेला वीर्यद्रव वापरल्यावर दिसले की लांब काट्यांच्या नरांचा द्रव मादीच्या शरीरात जास्त प्रमाणात झिरपतो. जखम म्हणजे द्रव्ये थैलीतून मादीच्या रक्तद्रवात जाण्याची वाट ठरते. इथे मोजला होता तो फायदा पितृत्वाचा होता, अंड्यांच्या संख्येचा नव्हे. हा निकाल ‘काट्यांमुळे अंडी वाढतात’ म्हणून सांगितला जातो, ते बरोबर नाही. त्याने वाट दाखवली आहे, अंड्यांचा हिशेब वेगळाच करावा लागतो.

ही वाट सगळ्या जातींत अशी जखमेतून जात नाही. राजम्यावरच्या आणि भुईमुगावरच्या भुंगेऱ्यात (हा दुसरा आपल्याकडे चिंचेच्या बोटकांतही सापडतो) नर द्रव एका पुडीत बांधून देतो. फ्रान्समध्ये जाक ह्युइन्यार यांनी १९७० आणि १९८०च्या दशकांत या दोन्ही जातींमध्ये सहायक ग्रंथींचे स्राव पुडीतून मादीच्या रक्तद्रवात कसे जातात, याचा माग काढला.

द्रव्ये थेट इशारा देतात याचा पुरावा अर्क टोचून मिळतो. जपानमध्ये यामाने आणि मियाताके यांच्या गटाने २००८मध्ये नराच्या प्रजनन अवयवांचा अर्क मिलन न झालेल्या माद्यांच्या पोटात टोचला. मिलन नाही, शुक्राणूंचे काम नाही, तरी माद्यांची मिलनाची तयारी घटली. अर्क रेणूंच्या आकारानुसार वेगळा केल्यावर जवळच्या कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस या जातीत लहान रेणूंचा परिणाम काही तासांत आणि मोठ्यांचा परिणाम दिवसांच्या अंतराने दिसला. म्हणजे एकच जादूचे द्रव्य नसून वेगवेगळ्या वेळी काम करणारी अनेक द्रव्ये आहेत. फळमाशीत ३६ अमिनो आम्लांचे ‘सेक्स पेप्टाइड’ १९८८मध्ये सापडले आणि एकट्याने अंडी व मिलन दोन्हींवर परिणाम करते. ते वाचून तीच गोष्ट भुंगेऱ्याला लावण्याचा मोह होतो. लावू नये.

प्रयोग मांडायचा तर

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला झेपेल अशी मांडणी पुढे दिली आहे. खर्च फारसा नाही, चिकाटी मात्र लागते.

दाणे आधी. कीटकनाशक न मारलेली, एकाच पोत्यातली चवळी किंवा मूग घ्या. फ्रीझरमध्ये उणे १८ अंशाला किमान आठवडाभर ठेवा, म्हणजे आत दडलेली कीड मरते. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता दाणे खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दाण्यांवर दव धरते. नंतर दोन-तीन दिवस प्रयोगाच्याच खोलीत उघडे ठेवा. भोक पडलेले, सुरकुतलेले, फुटके दाणे निवडून टाका.

माद्या तयार करताना एका दाण्यावर एकच अंडे राहू द्या. जास्तीची अंडी ब्लेडच्या टोकाने खरवडा. एका दाण्यात दोन-तीन अळ्या वाढल्या, तर निघणारी मादी लहान असते आणि लहान मादीची अंडी मुळातच कमी. अंडी घातल्यापासून अठराव्या दिवशी प्रत्येक दाणा वेगळ्या खणात ठेवा: चोवीस खणांची प्लेट, नाहीतर झाकणाला टाचणीने भोक पाडलेली दीड मिलिलिटरची नळी. विसाव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ पाहा. एकाच नळीत दोन भुंगेरे निघाले तर दोन्ही बाद. मिलन झालेच नसेल, अशी खात्री देता येत नाही.

नर-मादी ओळखायला पोटाचा शेवटचा, पंखांबाहेर दिसणारा भाग पाहावा. मादीत त्यावर दोन्ही बाजूंना गडद पट्टे आणि मध्ये फिकट रेघ असते. नरात तो फिकट, एकसारखा. मादी अंगानेही थोराड. जातीबद्दल शंका असेल तर नराच्या मिशा बघा: त्या फणीसारख्या असतील तर ती चायनेन्सिस जात, आणि तुमचे पिंजरे मिसळले आहेत.

गट पाच. पहिल्यातल्या माद्यांना नर नाही. दुसऱ्यात ताज्या, म्हणजे अजून मिलन न झालेल्या नराशी एक मिलन. तिसऱ्यात, त्याच दिवशी आधी दोन माद्यांशी मिलन झालेल्या नराशी एक मिलन. चौथ्यात ताज्या नराशी एक मिलन आणि पाणी. पाचव्यात एक मिलन, आणि ४८ तासांनी दुसऱ्या ताज्या नराशी आणखी एक. प्रत्येक गटात ३० माद्या धरा, म्हणजे काही गळाल्या तरी पंचवीस उरतात. माद्या २४ ते ४८ तासांच्या असाव्यात आणि गट सोडतीने ठरवावेत. जी मादी आधी बाहेर आली ती पहिल्या गटात, असे करू नये.

मिलनाआधी आणि नंतर लगेच नर व मादी दोघांचे वजन ०.०१ मिलिग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर घ्या. नराची घट आणि मादीची वाढ जवळपास जुळली पाहिजे. फार तफावत आली तर मध्ये विष्ठा पडली किंवा वजनाला उशीर झाला. मिलन सुरू झाल्याची, लाथा सुरू झाल्याची आणि सुटल्याची वेळ लिहा. अर्ध्या तासात मिलन सुरू झाले नाही, तर जोडी बदला. जोडी मध्येच ओढून सोडवू नका. काटे अडकलेले असतात आणि मादी फाटते. सुटल्याबरोबर नर काढा. तो राहिला तर पुन्हा चढतो, मादीला पळवत ठेवतो, आणि मग अंडी कशाने बदलली हे सांगता येत नाही.

मग मादीला ९० मिलिमीटरच्या डिशमध्ये एका थरात ८० दाणे द्या. दर २४ तासांनी तिला मऊ ब्रशने नव्या दाण्यांवर हलवा आणि जुन्या डिशवर दिवस व क्रमांक लिहा. हे मरेपर्यंत. पाण्याच्या गटात अर्ध्या मिलिलिटरच्या नळीत पाणी भरून कापसाची घट्ट वात बसवा. बाकीच्या गटांतही तशीच नळी ठेवा, पण तोंडावर बारीक जाळी लावून, म्हणजे हवेतला ओलावा सगळीकडे सारखा राहील आणि पिता फक्त चौथ्या गटाला येईल. ही जाळीची नळी विसरली जाते आणि मग पाण्याचा परिणाम की दमटपणाचा, हा वाद उरतो. इन्क्युबेटर ३० अंश, आर्द्रता ६० ते ७० टक्के.

अंडी दोनदा मोजायची. एकदा त्याच दिवशी, दहापट भिंगाखाली. दाण्यांवरची आणि काचेवर चिकटलेलीही, कारण काचेवरची सोडली तर नर न मिळालेल्या माद्यांचा आकडा खोटा कमी येतो. दुसऱ्यांदा आठ-नऊ दिवसांनी. ताजे अंडे सालीवर चिकटलेला पारदर्शक, चकचकीत थेंब दिसतो. फळलेल्या अंड्यातली अळी तळातून दाणा पोखरत जाते आणि पोखरलेले पीठ मागे रिकाम्या कवचात ढकलते, म्हणून ते कवच खडूसारखे पांढरे होते. न फळलेले तसेच काचेसारखे राहते किंवा खपाटीला जाते. तिसऱ्या गटात पांढऱ्या अंड्यांचे प्रमाण दुसऱ्या गटाइतकेच राहिले, तर थकलेल्या नराकडे शुक्राणू कमी पडले नाहीत, द्रव कमी पडला, असे म्हणता येते. हे प्रमाण घसरले, तर तो निष्कर्ष काढता येत नाही.

आकडे कसे वाचायचे

प्रत्येक मादीचे तीन आकडे हवेत: पहिल्या २४ तासांतली अंडी, एकूण अंडी आणि आयुष्याचे दिवस. पहिल्या दिवशीची अंडी जास्त, एकूण सारखी आणि आयुष्य कमी, असे चित्र आले तर द्रवाने मादीला घाई करायला लावली. भांडवल तेच होते, खर्च लवकर झाला. पहिल्या दिवशी फरक नाही पण चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत अंडी चालू राहिली आणि मादी जास्त जगली, तर बाहेरून काहीतरी भर पडली, पाणी किंवा पोषण. चौथ्या गटातही तेच चित्र दिसले तर ते पाणीच. दोनदा मिलन झालेल्या माद्या लवकर मेल्या आणि एकूण अंडीही कमी, तर जखमेचा तोटा द्रवाच्या फायद्यापेक्षा भारी पडला. मिलनांची संख्या आणि मादीचे यश यांचे नाते सरळ चढते नसते, मधल्या संख्येला सगळ्यात कमी यश मिळू शकते, हे उप्सालाच्या गटाने २००५मध्ये याच भुंगेऱ्यात नोंदवले आहे. त्यामुळे ‘दोन मिलनांत वाढ दिसली नाही’ यावरून द्रव निरुपयोगी ठरत नाही.

मादीचे मिलनाआधीचे वजन विश्लेषणात घ्यायलाच हवे. अनेकदा गटांमधला फरक वजन धरल्यावर नाहीसा होतो. अंड्यांच्या आकड्यांत विखुरणे मोठे असते. सरासरी आणि टी-चाचणीवर थांबण्यापेक्षा ऋण-द्विपद (negative binomial) प्रतिमान वापरावे; ते अशा फार विखुरलेल्या मोजणीच्या आकड्यांसाठीच असते.

सर्वाधिक प्रयोग बिघडतात ते दाणे कमी दिल्याने. मादी अंडे घालण्याआधी दाण्यावर फिरून तो चाचपते आणि आधी अंडे असलेला दाणा टाळते. वीस दाणे दिले तर वीस-तीस अंड्यांनंतर ती थबकते, आणि जास्त द्रव मिळालेल्या व कमी मिळालेल्या माद्यांचे आकडे एकाच ठिकाणी येऊन अडतात. वीर्यद्रवाचा परिणाम नाही असा निष्कर्ष काढणाऱ्या मांडणीत आधी दाणे मोजावेत. दाण्याची सालही महत्त्वाची. गुळगुळीत चवळी आणि खडबडीत काबुली हरभरा यांवरचे आकडे एकत्र करू नयेत.

अर्क टोचण्याची पायरी विद्यार्थ्यांनी उगाच घाईने घेऊ नये. पाच मिलिग्रॅमच्या मादीला एक मायक्रोलिटर द्रव म्हणजे तिच्या वजनाचा पाचवा भाग, म्हणून मात्रा त्याच्याही अंशात ठेवावी लागते. काचेची केशनळी ओढून सुई करायची, मादी बर्फावर थंड करायची आणि पोटाच्या दोन खालच्या पट्ट्यांमधून टोचायचे. बेशुद्ध करायला कार्बन डायऑक्साइड टाळा, त्याने वागणे बदलते. नुसते सलाइन टोचलेला गट आणि काहीच न टोचलेला गट, दोन्ही हवेत. टोचण्याची जखम आणि आत गेलेले पाणी, दोन्ही स्वतःचा परिणाम करतात. अर्क उकळून किंवा प्रथिने तोडणारे विकर घालूनही टोचून पाहा. परिणाम गेला तर द्रव्य प्रथिन असण्याची शक्यता वाढते.

काम संपल्यावर सगळ्या डिश बंद पिशवीत आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवून मगच टाका. ही प्रयोगशाळा वसतिगृहाच्या खाणावळीच्या कोठीपासून लांब असलेली बरी.

कोठीत याचा अर्थ

घरात किंवा गोदामात भुंगेरे उडताना दिसले की लोक ते झाडून काढतात. पण मिलन झालेली मादी नराशिवायही आपले काम पुरे करते; शुक्राणू शुक्रधानीत आहेत, इशारा मिळालेला आहे, दोन-तीन दिवसांत अंडी दाण्यांवर असतात. एका मादीची ८० अंडी, त्यांतली ६० जगली आणि निम्म्या माद्या निघाल्या, तर महिनाभराने ३० माद्या आणि त्यांची २,४०० अंडी. म्हणून रोखायचे ते अंडे दाण्याला चिकटणे आणि अळी आत शिरणे. घरच्या बियाण्याला किंवा साठवणीच्या मुगा-तुरीला किलोमागे ५ ते १० मिलिलिटर खाद्यतेल चोळण्याची पद्धत नेमके हेच करते: तेलाच्या थरावर अंडे नीट चिकटत नाही आणि चिकटलेल्या अंड्याला हवा मिळत नाही. तेल प्रत्येक दाण्याला लागले पाहिजे, तळाशी कोरडे दाणे राहिले तर मादी तेच शोधून काढते. तुरीची डाळ करून ठेवली तरी धोका बराच घटतो, कारण या मादीला अख्खा, सालीचा दाणा लागतो. साठवलेले धान्य जितके कोरडे, तितके बरे. कोठीत गळकी भिंत किंवा दमट कोपरा असेल तर आधी तो दुरुस्त करावा.